प्रश्न हृदयाचा, उत्तर यकृतात : क्लोरोफॉर्म, हॅलोथेन आणि प्रयोगातले प्राणी

बल्लारपूरहून राजुऱ्याला जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. आज नदीचे दोन्ही काठ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, पण १८८९ साली हा प्रवास म्हणजे सरहद्द ओलांडणं होतं. बल्लारपूरचा काठ इंग्रजांच्या मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात, आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. राजुरा पुढे आदिलाबाद जिल्ह्यात राहिला, १९५६ला नांदेडला जोडला गेला आणि १९५९मध्ये चांद्याला आला. हे सगळं सांगायचं कारण असं, की आज मी ज्या प्रयोगांबद्दल लिहितोय त्यांचा खर्च निजाम सरकारच्या तिजोरीतून झाला होता. म्हणजे राजुऱ्याच्या शेतसाऱ्यातला एखादा आणासुद्धा त्यात गेला असेल, असं म्हणायला हरकत नाही. श्वासावाटे दिलेल्या भुलीने प्राण्याच्या शरीरात नेमकं काय बिघडतं, यावर आपल्या भागाच्या इतक्या जवळ झालेलं एवढं मोठं काम दुसरं नाही. आणि एवढं मोठं काम करूनही यकृताचा प्रश्न त्यांच्या हातून कसा निसटला, हा आजचा विषय.

तुम्ही पेटची तयारी करत असाल, गोंडवाना विद्यापीठात किंवा आणखी कुठे नोंदणी करायच्या बेतात असाल, तर सिनॉप्सिस लिहिताना 'उद्दिष्टे' आणि 'गृहीतके' हे रकाने तुम्ही भराल. बहुतेक जण ते शेवटच्या रात्री भरतात. हा लेख वाचून झाल्यावर ते रकाने जरा लवकर भरावेसे वाटले तर बरं.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १८४७च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरात आणलं. ईथरपेक्षा ते लवकर चढायचं, वास बरा होता, आणि पेटायचं नाही. तीन महिनेही झाले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ला, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. दुखणं साधं, शस्त्रक्रिया किरकोळ, आणि मृत्यू मिनिटा-दोन मिनिटांत. त्यानंतर असे मृत्यू होतच राहिले आणि डॉक्टरांचे दोन तट पडले. लंडनवाले म्हणायचे, क्लोरोफॉर्म थेट हृदय बंद पाडतं, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोवाले म्हणायचे, आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून श्वासाकडे बघा, नाडी मोजत बसू नका.

भांडण बारीक वाटेल, पण रुग्णाच्या डोक्याशी उभं राहून रुमालावर थेंब टाकणाऱ्या माणसाने कुठे बघायचं, याचा तो निर्णय होता. जीव त्यावर अवलंबून होता.

एडवर्ड लॉरी हा एडिंबरोच्या परंपरेतला सर्जन, जेम्स साइमचा शिष्य. तो हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन होता आणि तिथल्या मेडिकल स्कूलचा प्रमुखही. त्याच्या रुग्णालयात क्लोरोफॉर्म सर्रास वापरलं जायचं आणि त्याचे विद्यार्थी ते द्यायला शिकायचे. त्या विद्यार्थ्यांत रूपाबाई फरदूनजी ही पारशी तरुणी होती, जिला आज जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत गणतात. लॉरीला खात्री होती की क्लोरोफॉर्म हृदयाला काही करत नाही. ती सिद्ध करायला त्याने १८८८मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसवलं. गावठी कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरीच्या मनासारखा आला. लंडनच्या 'लॅन्सेट'ने शंका घेतली. मग निजामाने एक हजार पौंड देऊ केले : तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा प्रयोग करू.

हा भाग मला फार आवडतो. विरोधकालाच परीक्षक म्हणून बोलवायचं, त्याचा खर्चही आपण करायचा! आजच्या शोधनिबंधांच्या जगात असं कोण करतं?

'लॅन्सेट'ने थॉमस लॉडर ब्रंटनला पाठवलं. तो औषधशास्त्रातला मोठा माणूस, आणि हृदयाच्या धोक्याबद्दल त्याचं मत लंडनवाल्यांच्या बाजूचं. १८८९च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात दुसऱ्या कमिशनचं काम चाललं. ब्रंटन, लॉरी, बॉमफर्ड आणि रुस्तुमजी हकीम हे सदस्य. काम संपत आलं तेव्हा ब्रंटनने लंडनला तार केली. तारेत आकडा होता ४९० प्राण्यांचा : कुत्रे, घोडे, माकडं, शेळ्या, मांजरं, ससे. त्यातल्या १२० जणांचा रक्तदाब यंत्रावर नोंदवला होता आणि सगळ्या नोंदींचे फोटो काढले होते. निष्कर्ष असा, की धोका गुदमरण्याचा आणि जास्त मात्रेचा. हृदयाला थेट धोका अजिबात नाही. संशय घेऊन आलेला माणूस मत बदलून परत गेला.

आता इथे जरा थांबा. ४९० प्राणी, रक्तदाबाचे आलेख, फोटो, बाहेरचा निरीक्षक. १८८९च्या मानाने यापेक्षा चांगला प्रयोग तुम्ही काय कराल? नमुना मोठा, प्राण्यांच्या जाती अनेक, नोंदी कुणालाही तपासता येण्याजोग्या. आणि तरीही निष्कर्ष चुकीचा ठरला. १८९३मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्म हृदयावर थेट परिणाम करतं. १९११मध्ये लंडनच्या गुडमन लेव्हीने मांजरांवर दाखवलं की भूल हलकी असताना हृदयाचे खालचे कप्पे अचानक थरथरू लागतात आणि मृत्यू येतो. म्हणजे भर मात्रेत काही होत नाही आणि कमी मात्रेत होतं. हैदराबादच्या मंडळींनी भूल खोल करत नेली होती, श्वास थांबेपर्यंत. त्या वाटेवर हलक्या भुलीतला धोका दिसायची शक्यताच कमी होती.

पण हृदयाची ही चूक सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. मला तुम्हाला दुसरी गोष्ट दाखवायची आहे, जी चूकही म्हणता येत नाही.

कमिशनने काही प्राण्यांना आधी काही दिवस फॉस्फरस दिला होता. (उंदीर मारायच्या पेस्टमध्ये असतो तोच पिवळा फॉस्फरस.) फॉस्फरसने हृदयात आणि यकृतात चरबी साचते आणि पेशींचा ऱ्हास होतो. मग अशा प्राण्यांना क्लोरोफॉर्म देऊन पाहिलं. कल्पना अशी : माणसांत बिघडलेलं हृदय असणारे रुग्ण असतात, त्यांना क्लोरोफॉर्म जास्त घातक ठरतं का? प्रश्न एकदम रास्त. पण त्यातली दिशा बघा. बिघडलेला अवयव इथे 'आधीची स्थिती' आहे, आणि क्लोरोफॉर्म नंतर येतं. उलटी दिशा, म्हणजे निरोगी यकृत आणि क्लोरोफॉर्मनंतर त्याचं काय होतं, हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. यकृत टेबलावर होतं, पण ते कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, परिणामाच्या नाही.

आणि समजा परिणामाच्या रकान्यात लिहिलं असतं, तरी? प्राणी टेबलावरच मरत होते. मिनिटांत. क्लोरोफॉर्मने यकृत बिघडायला वेळ लागतो. पेशी मरताना दिसायला तास लागतात, आणि रोगी पिवळा पडून दगावायला दिवस. मिनिटांत संपणाऱ्या प्रयोगात दिवसांनी होणारी गोष्ट दिसणार नाही, मग प्राणी ४९० असोत की ४९ हजार.

बरं, तेव्हा ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती असंही नाही. जर्मनीत नोथनागेलने १८६६मध्येच सशांवर प्रयोग करून क्लोरोफॉर्म-ईथरच्या विषबाधेत अवयवांत चरबी साचते असं लिहिलं होतं. १८८७मध्ये उंगर आणि १८८९मध्ये, म्हणजे हैदराबादचं काम चालू होतं त्याच वर्षी, स्ट्रासमान यांनी कुत्र्यांना लांबलेली किंवा पुन्हापुन्हा भूल देऊन 'उशिरा येणारा मृत्यू' अभ्यासला होता. पण ते लिहिलं जात होतं जर्मन न्यायवैद्यकाच्या आणि विकृतिशास्त्राच्या वर्तुळात. भांडण चाललं होतं इंग्रजी शल्यचिकित्सेच्या वर्तुळात. साहित्याचा आढावा घेताना आपण आपल्याच विषयाचे, आपल्याच भाषेतले शब्द टाकून शोधतो. 'क्लोरोफॉर्म आणि हृदय' असं शोधलं की हृदयच सापडणार.

इंग्रजी डॉक्टरांच्या हे लक्षात आणून दिलं १८९४मध्ये लिओनार्ड गथ्रीने, आणि तेही प्राण्यांवरून नाही. लंडनमध्ये लहान मुलांच्या शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडायच्या, मूल शुद्धीवर यायचं, आणि मग एक-दोन दिवसांनी उलट्या, अस्वस्थपणा, गुंगी आणि मृत्यू. शवविच्छेदनात यकृत चरबीने भरलेलं. सर्जनच्या वहीत मात्र त्या मुलाची नोंद 'भूल निर्विघ्न' अशीच असायची. कारण भुलीचा हिशेब टेबलावरून उतरताना बंद व्हायचा.

प्रयोगशाळेत या प्रश्नाला खरा न्याय दिला जॉर्ज व्हिपलने. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याने आणि स्पेरीने १९०९मध्ये कुत्र्यांना क्लोरोफॉर्म दिलं, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांना जगू दिलं. मग ठरावीक दिवसांनी यकृत तपासलं. यकृताच्या प्रत्येक बारीक खंडाच्या मध्यभागी, मधल्या शिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या दिसायच्या. कडेच्या पेशी जिवंत. आणि जो कुत्रा वाचायचा, त्याचं यकृत काही आठवड्यांत पुन्हा जवळजवळ पूर्ववत व्हायचं. व्हिपलला त्या दुरुस्तीचंच वेड लागलं. यकृत, मग पित्त, मग पित्तातला रंग, मग रक्तातला रंग, मग रक्तक्षयात आहाराचा परिणाम, असा तो चालत गेला आणि १९३४चं नोबेल त्याला रक्तक्षयावरच्या यकृत-आहाराच्या कामासाठी मिळालं, मायनॉट आणि मर्फी यांच्याबरोबर. सुरुवात क्लोरोफॉर्मने मेलेल्या पेशींपासून झाली होती, हे बहुतेक जण विसरतात.

व्हिपलच्या कामातला जो भाग गडचिरोलीत बसून वाचताना अंगावर येतो, तो वेगळाच आहे. १९१९मध्ये डेव्हिस आणि व्हिपल यांनी उपाशी कुत्रे आणि खाऊ घातलेले कुत्रे यांची तुलना केली. सारखीच भूल, पण उपाशी कुत्र्याच्या यकृताचं नुकसान कितीतरी जास्त. १९४०मध्ये मिलर आणि व्हिपल यांनी ते आणखी पुढे नेलं : शरीरातला प्रथिनांचा साठा जितका कमी, तितकी क्लोरोफॉर्मची इजा मोठी. प्रथिनं तोडलेल्या कुत्र्याला मेथिओनिन किंवा सिस्टिन ही गंधक असलेली अमिनो आम्लं आधी दिली, तर यकृत वाचायचं. कारण नीट कळायला पुढची काही दशकं जावी लागली. क्लोरोफॉर्म यकृतात मोडतं तेव्हा फॉसजीन तयार होतो. हो, पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला तोच वायू. त्याला पकडून निकामी करायचं काम ग्लुटाथायोन करतं, आणि ग्लुटाथायोन बनवायला गंधकाची अमिनो आम्लं लागतात, जी डाळ, अंडी, मासे यातून येतात. ताटात ती नसतील तर पहारेकरी कमी.

याचा अर्थ नीट लावा. १८८९च्या प्रयोगातली गावठी कुत्री काय खात होती, शेवटचं कधी खाल्लं होतं, यावर यकृताचा निकाल बदलला असता. म्हणजे त्यांनी यकृत बघायचं ठरवलं असतं तरी आहाराची नोंद न ठेवता आलेले आकडे कुठल्या कुठे पांगले असते. प्राण्यांवरचा कुठलाही विषबाधेचा शोधनिबंध हातात घ्याल तेव्हा पद्धतीच्या भागात आधी हे शोधा : प्राणी उपाशी होते का, किती तास, कोणतं खाद्य, वय किती. वयाचं सुद्धा व्हिपलनेच दाखवलंय. जन्मानंतरचे पहिले तीनेक आठवडे कुत्र्याच्या पिलांना क्लोरोफॉर्मने यकृताची इजा जवळजवळ होतच नाही. पिलांवर प्रयोग करून कुणी 'औषध निर्धोक' असं छापलं असतं तर ते खोटं नसतं, फक्त निरुपयोगी असतं.

आता क्लोरोफॉर्म सोडून पुढे येऊ, कारण गोष्टीचा अवघड भाग पुढे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर शस्त्रक्रियागृहात विजेची उपकरणं आली आणि पेटणारं ईथर नकोसं झालं. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत चार्ल्स सकलिंगने १९५१मध्ये हॅलोथेन बनवलं. जेम्स राव्हेन्तोसने प्राण्यांवर त्याचा अभ्यास करून १९५६मध्ये छापला, आणि त्याच वर्षी मँचेस्टरच्या मायकेल जॉन्स्टनने माणसांतला अनुभव मांडला. न पेटणारं, घशाला न झोंबणारं, मुलं मास्कवर शांत झोपतील असं औषध. क्लोरोफॉर्मसारखी यकृताची इजा प्राण्यांत दिसली नव्हती. आणि या वेळी लोकांनी यकृत बघितलं होतं, हे लक्षात घ्या. क्लोरोफॉर्मचा धडा ते शिकले होते. भारतात तर हॅलोथेन कित्येक दशकं जिल्हा रुग्णालयांपासून मोठ्या कॉलेजांपर्यंत सगळीकडे होतं.

१९५८पासून तुरळक आणि १९६३च्या सुमारास भराभर अहवाल येऊ लागले : हॅलोथेननंतर काही दिवसांनी ताप, मग कावीळ, मग यकृत निकामी. अनेकांना ती भूल दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा दिलेली होती.

अमेरिकेने मोठा अभ्यास हाती घेतला, नॅशनल हॅलोथेन स्टडी. १९५९ ते १९६२ या चार वर्षांतल्या, ३४ रुग्णालयांतल्या साधारण साडेआठ लाख भुलींच्या नोंदी. त्यात प्राणघातक, यकृताचा मोठा भाग मेलेला, अशी प्रकरणं सापडली फक्त ८२. त्यातली बहुतेक दुसऱ्या कारणांनी समजावता येत होती : रक्तदाब कोसळणं, जंतुसंसर्ग, आधीचा आजार. नऊ प्रकरणांचं कारण लागेना, आणि त्या नऊपैकी सात जणांना हॅलोथेन दिलेलं होतं. दुसऱ्या बाजूने एकूण मृत्युदर पाहिला तर हॅलोथेन इतर भुलींपेक्षा वाईट नव्हतं. उलट बऱ्यापैकी चांगलं होतं. मग काय करायचं? वापरायचं की थांबायचं? फ्रेडरिक मोस्टेलरसारखे संख्याशास्त्रज्ञ या अभ्यासात होते, तरीही त्या सात जणांवर लोक पुढची वीस वर्षं भांडत राहिले.

इथे एक छोटं गणित शिकून ठेवा, मुलाखतीत विचारतात. समजा तुम्ही ५० उंदरांना औषध दिलं आणि एकालाही इजा झाली नाही. तर खरा धोका शून्य आहे का? नाही. ढोबळ नियम असा, की 'न' प्राण्यांत एकही घटना नाही, तर खरा दर जास्तीत जास्त ३ भागिले 'न' इतका असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. ५० उंदरांसाठी हा आकडा ६ टक्के येतो! दहा हजारांत एक इतकी विरळ घटना नाकारायला तीस हजार प्राणी लागतील. एवढे प्राणी कुणी वापरणार नाही आणि वापरूही नयेत. म्हणजे राव्हेन्तोसच्या प्रयोगांत काही दिसलं नाही यात त्याचा दोष नव्हता. अशी विरळ गोष्ट दिसण्याची त्या पद्धतीत सोयच नव्हती.

मग संशोधकांनी दुसरी युक्ती केली : विरळ गोष्ट मुद्दाम घडवून आणायची. १९६४मध्ये व्हॅन डाइक आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खुणा लावून दाखवलं होतं की या 'निष्क्रिय' समजल्या जाणाऱ्या भुली उंदरांच्या शरीरात मोडतात. हॅलोथेनचा तर सुमारे पाचवा हिस्सा यकृतात मोडतो. १९७९मध्ये मॅक्लेन, साइप्स आणि ब्राउन यांनी उंदरांना आधी फिनोबार्बिटल दिलं, म्हणजे फिट्ससाठी देतात ती गार्डेनालची गोळी. त्याने यकृताची एन्झाइमं वाढतात. मग हॅलोथेन देताना हवेतला ऑक्सिजन २१ऐवजी १४ टक्क्यांवर आणला. आता मात्र यकृत मरायला लागलं, खंडाच्या मध्यभागी, अगदी व्हिपलच्या चित्रातल्यासारखं. प्रतिमान तयार झालं, आणि त्यावर ढीगभर शोधनिबंध निघाले.

पण ते माणसातल्या त्या आजाराचं प्रतिमान होतं का? माणसांना १४ टक्के ऑक्सिजन कुणी देत नाही. माणसांत आजार पहिल्या भुलीपेक्षा पुन्हा दिलेल्या भुलीनंतर जास्त दिसायचा; उंदरांत पहिल्याच वेळी. माणसांत ताप यायचा, अंगावर पुरळ यायचं, रक्तात इओसिनोफिल वाढायचे, म्हणजे ॲलर्जीसारखं काहीतरी. उंदरांत यातलं काही नाही. १९८५मध्ये गिनीपिगमध्ये कमी ऑक्सिजन किंवा एन्झाइम न वाढवताही इजा दिसली, त्याने चित्र थोडं सुधारलं. तरी आज आपण मानतो की गोष्टी दोन आहेत. एक सौम्य इजा, बऱ्याच जणांत होणारी, रक्ततपासणीत दिसून आपोआप बरी होणारी. प्राण्यांची प्रतिमानं बऱ्यापैकी याचीच. आणि दुसरी विरळ, भीषण, रोगप्रतिकारशक्तीने घडवलेली. तिच्यात हॅलोथेनचा मोडलेला तुकडा यकृताच्या प्रथिनांना चिकटतो, शरीर ती प्रथिनं परकी समजतं आणि पुढच्या भुलीच्या वेळी हल्ला करतं.

या दुसऱ्या गोष्टीचा सगळ्यात बोलका पुरावा एका माणसाकडून आला. १९६९मध्ये क्लॅटस्किन आणि किम्बर्ग यांनी एका भूलतज्ज्ञाची केस छापली. शस्त्रक्रियागृहात रोज हॅलोथेनच्या वासात काम करणाऱ्या त्या डॉक्टरला पुन्हापुन्हा यकृतदाह होत होता. त्याला ठरवून थोडं हॅलोथेन हुंगायला दिलं आणि आजार परतला. आज कुठलीही नीतिशास्त्र समिती याला परवानगी देणार नाही. मग १९८०मध्ये वेर्गानी आणि लंडनमधल्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं दाखवली, आणि ती दाखवायला काय वापरलं? हॅलोथेन दिलेल्या सशांच्या यकृताच्या पेशी. प्राणी परत आले, पण वेगळ्या दाराने. आता त्यांना आजारी पाडायचं नव्हतं. माणसाचं रक्त त्यांच्या पेशी ओळखतं का, एवढंच विचारायचं होतं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात प्राण्यांचा सगळ्यात हुशार वापर हाच. ४९० प्राण्यांच्या बाजूला ठेवून बघा.

यातून व्यवहारात काय निघालं? नंतरच्या भुली निवडताना त्या शरीरात किती मोडतात हे बघितलं जाऊ लागलं. आयसोफ्लुरेन साधारण ०.२ टक्के मोडतं, डेसफ्लुरेन त्याच्याही दहाव्या हिश्शाने. सेव्होफ्लुरेन जास्त मोडतं, पण तो चिकटणारा तुकडा त्यातून तयार होत नाही. आणि ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८६मध्ये सांगितलं की तीन महिन्यांच्या आत हॅलोथेन पुन्हा देणं टाळा.

तीन महिने. हा नियम वाचायला सोपा आहे. आता तो भामरागडला किंवा एटापल्लीला नेऊन बघा. नियम पाळायचा तर डॉक्टरला कळलं पाहिजे की या बाईला आधी कधी भूल दिली होती, कुठे, आणि कोणती. ती सांगेल 'सुई देऊन झोपवलं होतं' किंवा 'तोंडावर काहीतरी लावलं होतं'. डिस्चार्ज कार्ड पावसाळ्यात भिजलेलं असतं, आणि असलं तरी त्यावर शस्त्रक्रियेचं नाव असतं, भुलीचं क्वचित. आणि ती माडिया बोलते, कार्ड इंग्रजीत. आपल्या दोन जिल्ह्यांत दुर्गम भागात बऱ्याचदा केटामाइनवर काम भागवलं जातं, कारण त्याला भुलीचं यंत्र आणि सिलिंडर लागतोच असं नाही. हेमलकशाचा लोक बिरादरी दवाखाना १९७३च्या शेवटी सुरू झाला तेव्हा तिथे वीजही नव्हती. तिथे यंत्राच्या भुलीची चर्चा कशाला. (ताडोब्याच्या वाघालाही बंदुकीतून मारतात ते इंजेक्शनच. मास्क लावून घ्यायला वाघ तयार होत नाही.) म्हणजे हॅलोथेनचा प्रश्न इथे प्रामुख्याने जिल्हा पातळीच्या आणि शहरातल्या रुग्णालयांचा, जिथे जंगलातून रुग्ण पोहोचतो.

आणि पोहोचल्यावर समजा भुलीनंतर आठवड्याने तो पिवळा पडला, तर? गडचिरोलीत कावीळ दिसली की डॉक्टरच्या डोक्यात आधी मलेरिया येतो. मग सिकल सेल, कारण त्यातही डोळे पिवळे होतात, आणि आपल्या भागात तो घराघरात आहे. मग पाण्यातून येणारा यकृतदाह. मग दारू; गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती, पण मोहाची गाळलेली कुणाला विचारून पीत नाहीत. या यादीत 'तीन आठवड्यांपूर्वीची भूल' कितव्या क्रमांकावर येईल? शिवाय त्याच दारूने यकृतातलं ते एन्झाइम वाढतं जे हॅलोथेन मोडतं, आणि त्याच कुपोषणात ग्लुटाथायोन कमी असतं, निदान व्हिपलच्या कुत्र्यांवरून आणि क्लोरोफॉर्मवरून तरी तसं दिसतं. माणसांत आणि हॅलोथेनमध्ये हे तसंच लागू होतं असं मी म्हणत नाही. उंदराची गोष्ट थेट माणसाला चिकटवायची नाही, हेच तर आतापर्यंत बघितलं. पण जिथे धोक्याची सगळी संशयित कारणं एकत्र राहतात, तिथेच कावीळ इतर शंभर गोष्टींत हरवते. साडेआठ लाख नोंदींमध्ये सात प्रकरणं शोधावी लागली होती, आणि त्या नोंदी चोख ठेवणाऱ्या रुग्णालयांतल्या होत्या.

कुणाला आरोग्यसेवेच्या इतिहासात किंवा सार्वजनिक आरोग्यात विषय हवा असेल, तर एक इथे पडलेला आहे. रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहात भुलीचं रजिस्टर असतं : तारीख, नाव, वय, शस्त्रक्रिया, भुलीचा प्रकार. जुनी रजिस्टरं गोदामात असतात, वाळवी लागायच्या आत बघावीत. हॅलोथेनकडून आयसोफ्लुरेनकडे आपला भाग केव्हा सरकला, कोणत्या रुग्णालयात आधी, एकाच व्यक्तीचं नाव तीन महिन्यांत दोनदा येतं का, एवढं मोजणंही पुष्कळ आहे. कावीळ शोधायच्या फंदात पडू नका. समजा एखाद्या रुग्णालयात वर्षाला दोन हजार हॅलोथेनच्या भुली होत होत्या, तर तीस हजारांना पंधरा वर्षं लागतील, आणि कावीळ झालेला रुग्ण त्याच रुग्णालयात परत आला असेलच असं नाही. यात प्राणी लागत नाहीत, त्यामुळे प्राणी नीतिशास्त्र समिती नाही. पण रुग्णांच्या नोंदी आहेत, म्हणून संस्थात्मक नीतिशास्त्र समितीची आणि रुग्णालयाची लेखी परवानगी दोन्ही हव्यात. अर्ज आधी त्यांच्याकडे टाका, सिनॉप्सिस नंतर छापा. आणि रजिस्टरचे फोटो काढताना नावाच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवा. व्यक्ती ओळखायला नोंदणी क्रमांकाला सांकेतिक क्रमांक देऊन तेवढाच टिपला तरी 'दोनदा आली का' हे कळतं.

पुढच्या वेळी रूपाबाई फरदूनजींबद्दल सविस्तर लिहीन. हैदराबादहून एडिंबरोपर्यंतचा त्यांचा प्रवास वेगळ्या लेखाचा ऐवज आहे.